मंगलाखालची ओली वाळू

१९७८ च्या माघात कोंढ्याजवळच्या एका गावात गंगा प्रकटली. तलावात नाही, विहिरीत नाही. डोमा भगताच्या अंगणात, वाळूच्या ढिगावर बसवलेल्या मंगलाबाईच्या खाली. सकाळी कोरडी वाळू टाकायची, वर तिला बसवायचे, की तासाभरात वाळू ओली. पाच गावांची माणसे ती कपाळाला लावत होती. ऊद आणि कापूर इतका जळे की दुसरा वास नाकापर्यंत येऊच नये. मी गावचा मास्तर. मला आधी तो धूरच खटकला.

मंगला ही चिंधूची बायको. तीन महिन्यांपूर्वी ती बाळंतपणात अडली होती. डोमाने दारात बसून ‘वाट अडली हाये, वाट उघडा’ असा हुकूम सोडला आणि सुईणीने त्याच्या पात्याने तिला आतून कापले. मूल मेलेलेच आले. मंगला वाचली, पण तेव्हापासून लघवी थांबेना. वासाला कंटाळून चिंधूने तिचे अंथरूण गोठ्यात टाकले. मग डोमानेच साक्षात्कार सांगितला, की ही गळती नव्हे, गंगा आहे. स्वतःच्या हुकमाने पडलेल्या छिद्राचे त्याने देवस्थान केले.

माझ्या सांगण्यावरून उपकेंद्राच्या नर्स ललिताबाईंनी तिला तपासले. अंगात ताप होता, मांड्या सोलवटल्या होत्या. नागपूरला हे छिद्र शिवतात, असे त्यांनी सांगितले, तर ती आणखीच घाबरली. “मी गंगा नाई म्हनून कळलं तं मले पुन्हा गोठ्यात टाकतीन, बाई.” बऱ्याच समजावणीनंतर ती एका गोळीला तयार झाली. लघवीची जळजळ थांबवणारी ती साधी गोळी होती. त्या गोळीने लघवी केशरी होते. दोघांचा रंग एकच दिसला की गंगा खोटी ठरेल, म्हणून तीच गोळी मीही घेतली.

दुसऱ्या सकाळी वाळू केशरी झाली. माणसे मागे सरकली. डोमाही क्षणभर पांढरा पडला, पण त्याची जीभ कधी अडत नसे. गंगामाय कोपली, गावात पाप झाले, वाट बुजली, असे म्हणत त्याने देवापुढचे गंजके पाते उचलले. “पुन्हा उघडा लागन.”

दोन बायांनी मंगलाचे हात धरले. तिने गुडघे घट्ट मिटले. आमची युक्ती तिच्याच जिवावर उठली होती. मी तसाच मध्ये घुसलो आणि खिशातली बाटली वर धरली.

“हे माझं सकाळचं मूत. बाटलीत पाहा, हाच रंग. मी पण गंगा हावो का? लावा कपाळाले.”

कोणी हसले नाही. सगळे मंगलाकडे पाहू लागले. ती खाली मान घालूनच बोलली, “गुरुजी खरं सांगून राहिले. आमी दोघांनी एकच गोळी घेतली. हे मूत होय. या डोमानं मले कापाले लावलं, तवापासून गळते.”

चिंधूच्या कपाळाला कालची वाळू होती. त्याने ती बाहीने पुसली, पुन्हा पुसली, पुढे होऊन डोमाच्या हातातले पाते काढून घेतले आणि तिला नागपूरला न्यायला बैलबंडी जुंपायला गेला.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवले: मूत्राशय आणि योनी यांच्यामधल्या पडद्याला चीर गेलेली, म्हणून लघवी त्या वाटेने झिरपते. ताप उतरवून, जखमा भरू देऊन त्यांनी ती चीर शिवली. चौदा दिवस नळी ठेवली. नळी काढल्यावर मंगला तासभर पांढऱ्या चादरीवर हलायची भीत बसून राहिली. मग उठली आणि सवयीने मागे वळून पाहिले. चादर कोरडी होती. ती तोंडात पदर घालून रडली.

बाबांनो, बाई अडली तर पाते शोधू नका, देव शोधू नका. बंडी जुंपा आणि दवाखान्याची वाट धरा. त्या दिवशी तसे केले असते, तर मंगलाचे मूल वाचले असते.