कमरेची कात्री

काय म्हणावं या लेकीला! पडदे शिवायचा कारखाना हाती दिला तो चालवायला, तर ही बया मोठी कात्रीच कमरेला बांधून हिंडते. कुणी कापड पसरलं की ही हजर. कुणी खडू उचलला की हिनं तो हिसकावलाच. "सरका, मी करते." दिवसभर तेवढाच जप. पायाला भिंगरी आणि जिभेला विसावा नाही.

आज तर कहरच. रात्रभर दाढ ठणकली म्हणून सकाळीच दातांच्या डॉक्टरकडे पळाली, आणि कात्रीही कमरेला लटकत तिच्याबरोबर गेली.

आई कारखान्यात शिरली तेव्हा कापणाऱ्या मास्तरांपासून सगळे हातावर हात धरून बसलेले. लांबलचक टेबलावर तांबडी मखमल पसरलेली. नाट्यगृहाच्या पडद्याची शेवटची पट्टी तेवढी राहिली होती, खालून कमानीसारखी कापायची. कापड बेताचंच, आणि त्या रंगाचं दुसरं मिळायचं नाही. दुपारी टेम्पो येणार, संध्याकाळी पडदा टांगायचा. नाही टांगला, तर नाट्यगृहवाले पुन्हा या दाराकडे फिरकायचे नाहीत.

"काय मास्तर, पाहुणे म्हणून आलात का?"

"कात्री ताईंकडे आहे, मोठ्या बाई."

"मग दुसरी घ्या की!"

"घेतली होती. ताईंनी कपाटात घालून कुलूप ठोकलं. म्हणाल्या, मखमलीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मशीनवरची बाई खुदकन हसली. तिला सगळे मिरची म्हणत. "मोठ्या बाई, आम्ही आता शिंकायचं झालं तरी ताईंना विचारतो."

आईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. शेजाऱ्याची कात्री मागावी? ती कागद कापून बोथट झालेली, मखमलीची वाट लावेल. कपाट फोडून आपणच कापावं? हात तर शिवशिवत होते. पण मग या पोरांनी काय, लेकीऐवजी आपल्या तोंडाकडे बघत बसायचं? ती खिडकीशी उभी राहिली. रस्त्यावर काही वाजलं की तिला टेम्पोच आला असं वाटे.

लेक आली ती गाल धरून. एका बाजूनं तोंड सुजलेलं, आत कापसाचा बोळा, जीभ बधिर. तशीच तडक टेबलाशी गेली आणि कात्रीला हात घातला.

आईनं मनगट धरलं. "हात बघ स्वतःचा. पानासारखा थरथरतोय. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि निघालीस मखमल कापायला!"

लेक काहीतरी बोलली. कुणाला कळलं नाही. आईनं तिच्या कमरेची गाठ सोडली आणि कात्री मास्तरांपुढे ठेवली.

मास्तरांनी कात्री उचलली, पण नजर ताईंवर.

"तिच्याकडे नका बघू, मास्तर. कापड तिच्या तोंडावर नाही पसरलेलं."

मास्तर आखलेल्या कमानीवर वाकले. पातं टेकणार, तोच मिरची ओरडली, "थांबा! कमान भलत्या टोकाला आहे. मखमलीची लव चाचपून बघा, बाकीच्या पट्ट्यांच्या उलट जातेय. अशी टांगली तर ही एकच पट्टी काळपट दिसेल."

मास्तरांनी तळहात फिरवला. "खरंय गं."

"ही आखली कुणी?" आईनं विचारलं.

सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या.

"कालच दिसलं होतं मला," मिरची हळूच म्हणाली. "पण बोलले असते तर..."

"सरका!" मागून कुणीतरी ताईंच्या आवाजात म्हणालं. हसू फुटलं आणि लगेच विझलं.

लेकीचा चेहरा मखमलीसारखा तांबडा झाला. तोंड उघडलं, तर कापूस आडवा आला. मग तिनं टेबलाखालचा ब्रश घेतला आणि आपणच आखलेली रेघ आपल्या हातानं झाडून टाकली. खडू मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी दुसऱ्या टोकाला कमान आखली, मिरचीनं पुन्हा लव तपासली, आणि कात्री चालली. लेकीचा हात सारखा कमरेशी जाई, काही सापडेना की परत येई. पट्टी मशीनवर चढली, शेवटचा टाका पडतो न पडतो तोच खाली टेम्पोनं हॉर्न दिला. दोघांनी पडदा खांद्यावर घातला आणि जिना उतरले.

तेव्हा कुठं आई स्टुलावर टेकली.

"इकडे ये. कापणारी तू एक नंबर, त्यात वाद नाही. पण मालकीण झालीस ती आज, तीही तोंडात बोळा होता म्हणून. उद्या बोळा निघेल. कात्री भिंतीवरच्या त्या खिळ्याला राहील, ज्याला लागेल तो घेईल. पुन्हा तुझ्या कमरेला दिसली ना, तर पुढची दाढ मी काढीन!"