दोरीच्या आतलं नाव

"मंगळवारी एक वाजता प्रोग्राम आहे, आबांना घेऊन ये," असं धम्मपाल पगारेनं आईला फोनवर सांगितलं आणि तिथंच माती खाल्ली. प्रोग्राम होता संध्याकाळी सातला. पोस्टरवर सात, तिकिटावर सात, अख्ख्या नाशिकला ठाऊक होतं सात. पण हा पडला क्रूचा माणूस. क्रूच्या माणसाला विचारा, प्रोग्राम कधी सुरू होतो? तो सांगेल, ट्रकचा मागचा दरवाजा उघडतो तेव्हा. गायक माईकला तोंड लावतो तेव्हा या लोकांचा दिवस निम्म्याहून जास्त संपलेला असतो. तो एकचा आकडा धम्मपालच्या तोंडातून इतक्या सहज निघाला, की चूक झाली हेही त्याच्या गावी नव्हतं.

'खडीमशीन' हे त्या बँडचं नाव. नाव ऐकून हसू नका, पोरं वाजवतात तसंच. रुद्र नावाचा मुलगा गातो, बाकीचे चौघं वाजवतात, आणि कॉलेजची पोरंपोरी वेड्यासारखी नाचतात. पण त्यांचा आवाज आणि उजेड गावोगाव नेऊन उभा करायचा आणि रातोरात पुन्हा ट्रकमध्ये भरायचा, हे काम क्रूचं. धुळे, अकोला, कोल्हापूर, हुबळी, परत वर. बसच्या सीटवर झोपायचं, हॉलच्या मागच्या नळावर बनियन पिळायचं आणि ते बसच्या खिडकीत वाळत घालून पुढच्या गावात अंगात चढवायचं. धम्मपालला हे आयुष्य मनापासून आवडायचं. त्याला कुणी विचारलं असतं, तर त्यानं आधी माणसांची नावं घेतली असती. धुळ्यात तो तापानं फणफणलेला असताना त्याच्या उशाशी बसून राहिलेला झुंबर. आणि क्रूची सगळी व्यवस्था बघणारी स्नेहा, जी स्वतः उपाशी राहील पण शेवटच्या माणसाच्या ताटात भात पडल्याशिवाय चमचा उचलणार नाही. इतकं घरच्यासारखं कोण करतं हो? रात्री बसच्या सीटवर पडल्यापडल्या धम्मपाल कधीकधी मनातल्या मनात या लोकांचे आभार मानायचा. तोंडानं म्हणाला असता तर झुंबरनं त्याला शिव्याच घातल्या असत्या.

घरी मात्र वेगळंच. त्याचे वडील सहादू पगारे सातपूरच्या कंपनीत पॉवर प्रेसवर राबून निवृत्त झालेले. तिथल्या धडधडाटानं कान मंदावले, आणि उजव्या हाताची दोन बोटं प्रेसनं घेतली, तेव्हा धम्मपाल शाळेत होता. ते दुखणं सहादूंनी कधी उगाळलं नाही. उलट साहेबाच्या हातापाया पडून त्याच कंपनीत पोराला चिकटवलं. पोरगं वर्षभरही टिकलं नाही. नोकरी सोडून बँडच्या ट्रकवर चढलं.

"लोकांची बोचकी उचलतोय," सहादू म्हणाले होते. "हमालीच करायची होती, तर गावात काय कमी होती?"

तेव्हापासून दोघांत बोलणं म्हणजे आईच्या, विमलाबाईंच्या, मार्फत. 'त्याला विचार जेवला का', 'आबांना सांग गोळ्या घेत जा', असं. आणि म्हणून या नाशिकच्या प्रोग्रामसाठी धम्मपालनं मनात मोठा बेत रचला होता. पहिल्या रांगेत मधली खुर्ची. मैदान खचाखच. आणि मध्येच रुद्र स्टेजवरून सांगणार, हा सगळा डोलारा ज्यानं उभा केला तो तुमच्या नाशिकचा धम्मपाल पगारे. टाळ्या. त्या टाळ्या आबांना कमी ऐकू आल्या तरी दिसल्या असत्या. आबांनी त्याला ट्रकमधून सामान उतरवताना बघू नये, एवढीच त्याची इच्छा. बाकी काही नको.

आणि काय झालं? मंगळवारी गंगापूर रोडच्या मैदानावर भर उन्हात धम्मपाल ट्रकमधून पाठमोरा उतरत होता. अंगात भोकाचं बनियन, खांद्यावर केबलची पेटी. वळला तर समोर आबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नव्या चपला, आणि कंपनीतल्या सवयीप्रमाणे वेळेच्या अर्धा तास आधी हजर.

"आई कुठंय?" धम्मपालच्या तोंडातून एवढंच आलं.

"तिचे गुडघे धरलेत. प्रोग्राम कुठं हाय?"

"आबा, प्रोग्राम संध्याकाळी. सातला."

"तू एक म्हणाला."

"तो आमचा एक."

सहादूंनी मैदानाकडे बघितलं. मैदानात खुर्च्या नव्हत्या, माणसं नव्हती, नुसत्या पेट्या आणि लोखंड. मग त्यांनी पोराच्या खांद्यावरच्या पेटीकडे बघितलं. बघितलं म्हणजे चांगलं निरखून बघितलं. धम्मपालला वाटलं, ही पेटी घेऊन परत ट्रकमध्ये शिरावं आणि आतून कडी लावून घ्यावी.

"चालू दे तुझं," सहादू म्हणाले. "मी बसतो."

स्नेहानं धावत जाऊन निंबाखाली खुर्ची टाकली, पाणी दिलं, 'काका, जेवून घ्या' म्हणाली. सहादूंनी जेवायला नकार दिला, पाणी घेतलं आणि मांडीवर हात ठेवून बसले, शिफ्ट सुरू व्हायची वाट बघितल्यासारखे. घरी जा म्हणायची धम्मपालची छाती झाली नाही. तो आपला पेट्या उतरवत राहिला. पाठीवर आबांची नजर, आणि पेटी रोजच्यापेक्षा दुप्पट जड.

पेट्या उतरल्या, आणि ट्रस उचलायची वेळ आली. ट्रस म्हणजे लांबलचक धातूचा सांगाडा, शिडीसारखा. त्याला सगळे दिवे लटकवायचे, चारी टोकांना साखळ्या लावायच्या आणि मोटरनं हळूहळू वर चढवायचा. वजन एवढं, की खाली सापडलेला हात हात राहणार नाही. त्या मोटरचं बटण झुंबरकडे. झुंबर सटाण्याकडचा, पन्नाशीचा, तोंडानं तिखट आणि कामात दगड.

या क्रूची एक रीत आहे, दुसऱ्या कुठल्या क्रूत तुम्हाला दिसायची नाही. ट्रसच्या भोवती दोरी बांधतात. दोरीच्या आत जितकी माणसं, तितकी नावं धम्मपाल मोठ्यानं घेणार. ज्याचं नाव येईल त्यानं दोन्ही पंजे उघडे करून डोक्याच्या वर धरायचे आणि म्हणायचं, "हात बाहेर!" नावं सुरू झाली की कुणी जागचं हलायचं नाही, कारण हललेला माणूस पुन्हा मोजायचा राहतो. आणि नावच घ्यायचं. भाऊ नाही, मामा नाही, उस्ताद नाही. भाऊ म्हटलं की चौघं ओ देतात आणि पाचवा मरतो. शेवटचं उत्तर आल्याशिवाय झुंबर बटण दाबत नाही. सुरुवातीला पोरं हसली होती, शाळेतली हजेरी म्हणून टिंगल केली होती. हे खूळ धम्मपालनं आणलं कुठून, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. मागचा ट्रस असाच वर गेला होता, आता पुढचा.

"नवनाथ!"

"हात बाहेर!"

"समर्थ!"

"हात बाहेर!"

नावं चालू होती आणि इकडे निंबाखालची खुर्ची रिकामी झाली होती. त्याचं असं झालं, ट्रसच्या कोपऱ्यापाशी कुणाचा तरी पाना जमिनीवर पडला होता. कंपनीत आयुष्य काढलेल्या माणसाला जमिनीवर पडलेला पाना बघवत नाही, त्याला काय करणार! सहादू उठले, दोरीखालून वाकून आत आले, पाना उचलला आणि तो ठेवायला जागा शोधत कोपऱ्यातल्या लोखंडी खांबापाशी उभे राहिले. पाठ इकडे.

धम्मपालनं सगळी नावं संपवली, हात वर केला आणि झुंबरकडे बघितलं. झुंबरनं बटणावरचा अंगठा काढला आणि हनुवटीनं खांबाकडे खूण केली.

धम्मपालनं तिकडे बघितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाठमोरा.

"आबा!" त्यानं हाक मारली. सहादूंना ऐकू गेलं नाही. "आबा, बाहेर या!"

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी जाऊन म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर आणावं, त्यात काय एवढं! पण टोकाशी उभा असलेला प्रत्येक जण आपल्या साखळीला धरून होता, ट्रस साखळ्यांना अडकवून झालेला होता आणि नावं सुरू झाली होती. जागचं हलायचं नाही ही रीत धम्मपालचीच. ती त्यानंच मोडली, तर उद्या कोण पाळणार?

"नाव ले," झुंबर त्याच्या अहिराणीत म्हणाला. नाव घे.

"अरे, वडील आहेत माझे."

"माले दिसी राहिनं. नाव ले. नाव नही, ते बटन नही."

वडिलांचं नाव असं एकेरीत, खणखणीत, चारचौघांत? पगारेंच्या घरात असं कधी झालं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर लिहितानासुद्धा त्याचा हात जरा दबकूनच चालायचा. आणि इथं नुसतं पुटपुटून भागणार नव्हतं. मंद कानांपर्यंत पोचायचं, तर गळा फाडायला हवा होता. आधीच आबांच्या लेखी तो हमाल. आता वर भर मैदानात बापाला नावानं हाक मारणारा उद्धट पोरगा. संध्याकाळच्या टाळ्या गेल्या खड्ड्यात. रुद्रनं शंभर वेळा त्याचं नाव घेतलं असतं, तरी हे पुसलं गेलं नसतं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणी हसत नव्हतं.

त्यानं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि पोटातून आवाज काढला.

"सहादू! सहादू पगारे!"

खांबापाशी ती पाठ ताठ झाली. सहादू सावकाश वळले. त्यांनी पोराकडे बघितलं, मग झुंबरच्या हातातल्या बटणाकडे, मग साखळ्या धरून थांबलेल्या एकेका माणसाकडे. मागचा ट्रस चढताना निंबाखालून त्यांनी उघडे पंजे आणि मोठ्यानं दिलेली उत्तरं टिपून ठेवली होती, ते आता कळलं. त्यांनी पाना खाली ठेवला, दोन्ही हात डोक्याच्या वर धरले आणि पंजे उघडले. एक अख्खा, एक तीन बोटांचा.

"हात बाहेर," सहादू म्हणाले.

झुंबरनं बटण दाबलं. साखळ्या ताणल्या गेल्या आणि ट्रस संथपणे वर चढत गेला, छातीपर्यंत, डोक्यापर्यंत, मग पार वर. तो जागेवर बसून पिन लागेपर्यंत सहादूंनी हात खाली घेतले नाहीत. त्यांना हात खाली घ्या म्हणून कुणी सांगितलं नव्हतं ना!

दोरी सुटली तसा धम्मपाल धावत त्यांच्यापाशी आला. मान खाली.

"आबा, नाव घ्यावं लागलं. चुकलं माझं. इथली रीत आहे तशी."

"कुणी लावली रीत?"

धम्मपालची नजर आबांच्या उजव्या हाताकडे गेली आणि तिथंच अडकली. सहादूंनीही मग त्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "प्रेसवर आम्ही सहाजण होतो. जाम झालेला पत्रा मी काढत होतो. बटण दुसऱ्याकडं होतं. त्यानं माझं नाव नाय घेतलं. मी रागावलो नाय त्याच्यावर कधी. घ्यायचं असतं हेच कुणाला ठाव नव्हतं."

धम्मपालचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत, भरू दिले.

"तू बरं केलं," सहादू म्हणाले. "लय बरं केलं."

मग ते थेट झुंबरकडे गेले. झुंबर मोटरची वायर गुंडाळत होता. म्हाताऱ्याला येताना बघून तो गडबडला, त्याला वाटलं, आता शिव्या बसणार. सहादूंनी त्याच्यापुढे हात जोडले.

"माझं नाव येस्तवर थांबले तुम्ही," ते म्हणाले. "उपकार झाले, दादा."

झुंबर, ज्याच्या तोंडाला अख्खा क्रू टरकून असतो, तो वायर छातीशी धरून नुसता उभा राहिला. तेवढ्यात सहादू पुढे सरकले होते. नवनाथपाशी, समर्थपाशी, साखळ्या धरणाऱ्या प्रत्येकापाशी. प्रत्येकाला त्यांनी आधी नाव विचारलं, नीट ऐकू आलं नाही तर कानाशी हात धरून पुन्हा विचारलं, आणि मग त्याच नावानं त्याचे आभार मानले.