तू घ्या ना

चामड्याचा कारखाना आणि डोंगरापलीकडच्या तीन लोखंडाच्या खाणी, एवढ्या पसाऱ्याचा धनी आडलबर्ट श्लायफेनबाउम. पण त्याला हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी आपल्याला अरे म्हणावं. बायको म्हणायची, ती वसंतात गेली. तेव्हापासून सबंध जीग नदीच्या खोऱ्यात त्याला अरेतुरे करणारं माणूस उरलं नाही. सत्तरीला आलेल्या माणसानं हट्ट धरावा तो हा!

एका रविवारी चर्च सुटल्यावर तो खिशात पत्ते घालून थेट योस्ट क्लापर्टच्या घरी गेला. पोरवयात दोघं आडलबर्टच्या बापाच्या पडवीत कातड्यांचे केस खरवडायचे आणि एकमेकांच्या अंगाच्या वासाला नावं ठेवायचे. बाप गेल्यावर योस्टनं टोपी काढून त्याला पहिल्यांदा 'मालक' म्हटलं आणि यानं ते मुकाट ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर तेव्हा बरंच वाटलं होतं लेकाला!

योस्टची बायको ट्रूड हिनं स्वच्छच असलेली खुर्ची पुन्हा पुसली. बटाट्याचा पाव आणि सॉसेज पुढे ठेवलं. डाव सुरू झाला. आडलबर्ट पहिला डाव जिंकला, दुसराही जिंकला. तिसऱ्याला योस्टनं हुकमाचा एक्का नुसत्या नव्वीवर फुकट घालवला.

"काय रे, मला मुद्दाम जिंकवतोस?"

"छे छे, मालक! तुमचा हातच चांगला लागलाय आज."

आडलबर्टनं पत्ते खाली ठेवले. "हे मालक-बिलक पुरे झालं. पहिल्यासारखं अरे म्हण मला."

योस्टनं ट्रूडकडे पाहिलं. राहतं घर कारखान्याचं, जावई खाणीत. ट्रूडनं डोळे वटारले, म्हणजे म्हणा की एकदाचं! योस्टनं घसा खाकरला, बशी पुढे सरकवली.

"तू... घ्या ना. सॉसेज घ्या."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. आडलबर्टनं एक तुकडा कसाबसा गिळला, आभार मानले आणि तो उठला. दोघं दारापर्यंत पोचवायला आली, वाकून निरोप दिला.

दार लागलं. तो पायरीवर कोटाची बटणं लावत होता, तोच आतून योस्टचं खदाखदा हसू ऐकू आलं.

"अगं, एक्का हातात दिला तरी बर्ट्याला सुधरेना! ढ तो ढच राहिला!" मग आवाज उतरला. "एकटा पडलाय गं बिचारा."

बर्ट्या! आडलबर्टच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात कडीवर गेला. पण आत पाऊल टाकलं की दोघं उठून उभी राहणार, हे त्याला पुरतं माहीत होतं.

हात काढून घेऊन तो तिथंच थंडीत उभा राहिला. आतलं बोलणं आपल्यावरून बटाट्यांच्या पिकावर गेलं, तेव्हा तो घरी निघाला.