ताताच्या मिठाचा बर्फ

शाळेच्या बसमधून उतरल्या उतरल्या सहाना म्हणाली, "आत्या, आज बर्फ करायचा. आपल्या घरी."

"कशाला गं?"

"मग अम्मा परत येईल."

अम्मा म्हणजे माझी वहिनी गोदा, माझ्या भावाची, प्राणेशची बायको. ऑगस्टपासून ती प्रयोगशाळेतल्या कामासाठी फिनलंडला आहे, एप्रिलमध्ये परतेल. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने फोन खिडकीबाहेरच्या बर्फाकडे वळवला आणि हसत म्हणाली, "हे सोडून कोण येणार घरी?" आम्ही सगळे हसलो. सहा वर्षांची सहाना हसली नव्हती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

चेन्नईत, आमच्या टी. नगरमध्ये बर्फ पाडणं माझ्या एम.एस्सी.च्या आवाक्याबाहेरचं होतं, पण थंड देशात काचेवर जमतं तसं हिम रंगवता येतं. गरम पाण्यात एप्सम सॉल्ट विरघळेनासं होईपर्यंत घालायचं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि ब्रशने काचेवर फासायचं. पाणी उडून गेलं की मागे स्फटिक उरतात, सुयांसारखे.

एप्सम सॉल्ट घरात होतंच. अप्पा, माझे वडील आणि सहानाचे ताता, त्यात रोज पाय बुडवून बसतात.

"माझ्या पायाच्या मिठाची चित्रं?" अप्पा म्हणाले. कानटोपी त्यांनी मार्गळी, म्हणजे आमचा थंडीचा महिना, लागल्यापासून काढली नव्हती. बाहेर चोवीस अंश होते.

"ताता, थोडंच घेते," सहाना म्हणाली आणि अर्धं पाकीट पातेल्यात ओतलं.

तिने हॉलच्या खिडकीवर नारळाची झाडं काढली. इथे देवदार शोभला असता असं मी सांगणार होते, पण ती इतक्या मन लावून एकेक झावळी ओढत होती की गप्प बसले. मग आम्ही वाट पाहिली. बाहेर पाऊस लागला होता. जेवणाची वेळ झाली तरी काच ओलीच. झाडं हळूहळू ओघळून चौकटीत उतरली.

सहानाने बोट लावून पाहिलं. "इथे होतच नाही," ती म्हणाली. रडली नाही. ब्रश धुतला, पुसला आणि ठेवून दिला. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालताना एसीच्या नळीकडे नजर गेली. उन्हाळ्यात तिच्यातून बादलीभर पाणी येतं. ते सगळं खोलीतल्या हवेतलंच असतं. चूक मिठाची नव्हती, चित्राचीही नव्हती. आमच्या हवेत आणखी पाणी घ्यायला जागाच नव्हती.

सहाना शाळेतून आली तशी बेडरूमचं दार लावलं आणि एसीच्या रिमोटवरचं हवा कोरडी करणारं थेंबाचं बटण दाबलं. ते आजवर कोणी दाबलं नव्हतं.

"मार्गळीत एसी!" अप्पा दाराबाहेरून ओरडले. "प्राणेशला सांगतो. तो तिकडे इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात राबतो आणि ही इथे वीज जाळते."

"ताता, कानटोपी द्या. थंडी वाजते," सहाना आतून म्हणाली. कानटोपी मिळाली.

या वेळी चित्र कपाटाच्या आरशावर काढलं. गोदा त्या आरशासमोर केस विंचरायची. अंधार पडायच्या सुमाराला पहिल्या झावळीच्या टोकाला काहीतरी पांढरं दिसलं.

"आत्या, हलतंय!"

खरंच हलत होतं. एका सुईतून दुसरी फुटत, झावळीभर पसरत गेली. सहाना श्वाससुद्धा जपून घेत होती.

मी लगेच कॉल लावला. सहानाने फोन आरशाकडे धरला. तिकडे गोदाला नारळाची पांढरी झाडं दिसली असणार आणि त्यांच्यामधून कानटोपी घातलेला आपल्या लेकीचा चेहरा.

गोदाने चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला.

"अम्मा, दिसतंय का?"

"दिसतंय, कण्णा," गोदा म्हणाली. "माझ्या खिडकीवर असं काहीच येत नाही गं. दुहेरी काच आहे. आणि खालचा बर्फही वितळून नुसता चिखल झालाय."

"मग ये ना."

"बर्फासाठी नाही राहिले मी. काम आहे म्हणून राहिले. परवाची ती थट्टा होती, वेडे. काम संपलं की लगेच येणार, एप्रिलमध्ये. हे मला समोर उभं राहून बघायचंय."

सहानाने माझ्याकडे पाहिलं. "एप्रिलपर्यंत राहील?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हटलं. "एसी बंद केला की ओलं होईल. या पावसात ओघळेलसुद्धा. पण मीठ कुठे जात नाही. पाण्यात उतरवून ठेवलं तर परत काढता येतं."

"हेच मीठ?"

"हेच."

फोन तिने पलंगावर उशीला टेकवून ठेवला, अम्माला दिसेल असा. कोमट पाण्यात ब्रश बुडवून एकेक झावळी पुसत तिने ते पाणी वाटीत घेतलं. मी ते बाटलीत ओतलं. गोदा शेवटपर्यंत बघत होती.

बाटली ताताच्या मिठाच्या शेजारी फळीवर ठेवताना सहानाने अप्पांना बजावलं, "पाय कितीही दुखले तरी ही घ्यायची नाही. ही अम्माची."

"सरी, नाही घेत," अप्पा म्हणाले. "आता माझी टोपी दे."