वरून सातवी पट्टी

मी खिडकीचा पडदा बोलतोय. कापडाचा नाही, ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचा, दोरी ओढली की गोळा होणारा. जन्मलो कारखान्यात, पण वळण लागलं ते वकीलसाहेबांच्या ऑफिसात.

साहेबांना एक खोड होती. समोर बसलेला पक्षकार रडायला लागला की ते उठून माझ्यापाशी यायचे, वरून सातवी पट्टी बोटाने दाबायचे आणि बाहेर बघत उभे राहायचे. बिचाऱ्याला डोळे पुसायला सवड मिळावी म्हणून. दाबून दाबून त्या पट्टीला मधोमध पोक आलं. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

साहेब थकले, ऑफिस विकलं गेलं. ताबा देण्याआधीचे मोजके दिवस त्यांच्या लेकीने मागून घेतले. ती सिनेमे करते. तिला जुन्या धाटणीचा काळा-पांढरा गुन्हेपट करायचा होता. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि कोणाचा कोणावर भरवसा नाही असा. कॅमेरा धाकट्या भावाकडे. पक्षकाराला दगा देऊन मारेकऱ्याची वाट बघणारा म्हातारा वकील म्हणजे खुद्द साहेब.

"जन्मभर सरळ वागलो तेव्हा कोणी साधा फोटो काढला नाही," साहेब म्हणाले. "आता लबाड झालो तर तोंडावर दिवे लावताय."

बाहेर टळटळीत दुपार आणि खोलीत रात्र करायची होती. माझ्या पाठीमागची गॅलरी काळ्या कापडाने झाकली, त्या कापडाच्या आत एकच प्रखर दिवा ठेवला. माझ्यातून येणारा उजेड साहेबांच्या चेहऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडला. सगळ्या सावल्या सरळ, एकच वाकडी, आणि ती नेमकी उजव्या डोळ्यावरून जायची. तिच्याखाली तो मायाळू डोळा कोणालाही विकून खाईल असा दिसायचा.

"हीच," लेक हळूच म्हणाली. "ह्या सावलीवर माझा सिनेमा उभा आहे."

सगळं चित्रण त्याच सावलीत झालं. शेवटचा प्रसंग राहिला: दारावर थाप पडते आणि म्हातारा वकील खिडकीशी गोठतो. संध्याकाळी नवा मालक किल्ल्या घ्यायला येणार होता.

सगळे खाली जेवायला गेले, तेव्हा साहेबांची बायको वर आली. तिने मला पुसून लख्ख केलं. मग सातवी पट्टी चिमटीत धरली आणि नखाने दाबत दाबत सरळ करून टाकली. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

साहेब खुर्चीत बसले. दिवा लागला, भावाने कॅमेरा सुरू केला आणि थबकला. भिंतीवरच्या सगळ्या रेषा वहीसारख्या सरळ होत्या.

"ताई, ती सावली गेली."

"पडद्याला हात कोणी लावला?"

"मी," आई कोपऱ्यातून म्हणाली. "केवढी धूळ होती गं. लोक म्हणाले असते, वकिलाच्या बायकोला साधं फडकं मारता येत नाही. एक पट्टी वाकडी होती, तीही नीट केली."



"नंतर कॉम्प्युटरवर घालू," भाऊ पुटपुटला.

"रंग नंतर काढता येतो," लेक म्हणाली. "हलत्या चेहऱ्यावर सावली घालत बसलास तर तुझं लग्न राहील."

भाऊ माझ्याजवळ आला. आमची जात पातळ. एकदा वाकतो, एकदा सरळ होतो, पुढच्या वेळी तुटतो. त्याने बोट टेकवलं मात्र, माझ्या अंगातून बारीक आवाज निघाला. त्याने हात मागे घेतला. खाली मोटारीचा हॉर्न वाजला. मालक वेळेआधीच आला होता.

आईला सगळं उमजलं. तिने फडकं पदरात लपवलं आणि ती रडू लागली. आवाज न करता, खांदे हलवत.

साहेब उठले. कॅमेरा, दिवा, सिनेमा, सगळं विसरले. समोर कोणीतरी रडत होतं, एवढंच त्यांना दिसलं. माझ्यापाशी आले आणि सातव्या पट्टीवर बोट ठेवलं. जुन्याच जागी. दाबलं.

मी श्वास रोखला. पट्टी वाकली. वाकडी सावली सरकत सरकत उजव्या डोळ्यावर आली.

कॅमेरा चालूच होता. लेकीने सगळ्यांना हाताने गप्प केलं, पाय न वाजवता दारापाशी गेली आणि बोटाच्या पेरांनी थाप मारली.

साहेब खरेच दचकले. बोट आणखी रुतलं. माझ्यात कर्र झालं. धरून राहिलो, तेवढंच मला येतं. "कट" ऐकू आलं आणि मग सातवी पट्टी दोन तुकडे होऊन साहेबांच्या पायाशी पडली.

"हेही माझ्याच माथी," आई नाक पुसत म्हणाली.

आता मी लेकीच्या संकलनाच्या खोलीत असतो. सहावीनंतर एकदम आठवी. आई नवी पट्टी आणून बसवते म्हणते. कोणीतरी तिला सांगा, नको म्हणावं.

तो कर्र आवाज भावाला काढून टाकायचा होता. लेकीने ठेवला. बघणाऱ्यांना वाटतं, दाराबाहेर मारेकऱ्याने चाप ओढला. तुम्हीही बघाल तेव्हा खुशाल दचका. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की तो मी होतो.