अर्धी जबानी

मुरुम कसब्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं होती सगळी एकवीस, आणि मंडळ्या दोन. एका मंडळीत बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून व्हायचा, दुसरीत माणसाला ओढ्यात पुरतं बुडवायचे. गाव त्यांना शिंपडे आणि बुडवे म्हणायचं. पाणी किती लागतं यावरून सहा वर्षं एकमेकांच्या चुलीचा विस्तवही कुणी घेत नव्हतं, आणि तेही अशा मुलखात, जिथं उन्हाळ्यात घागरभर पाण्याची मारामार! पण माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला कोण सांगणार.

बब्रुवान हा शिंपड्यांचा थोरला पंच. साठीचा, सरळ माणूस. १९४३ च्या उन्हाळ्यात त्याच्या सरळपणाची परीक्षा आली. निजाम सरकारच्या मोजणीत ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीची नोंद व्हायची होती. ती पट्टी लिंगायत शिवप्पानं अकरा वर्षांपूर्वी नुसत्या शब्दावर दिलेली. शिवप्पा आता नव्हता. त्याचा मुलगा शरणबसप्पा म्हणाला, "अप्पांनी दिली तवा बब्रुवान समोर हुता. तो सांगंल ते मला कबूल."

शिंपड्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी बब्रुवानला एक वाक्य पढवलं. 'शिवप्पानं जमीन आमच्या मंडळीला दिली.' साहेबापुढं जबानीत एवढंच बोलायचं. पट्टी शिंपड्यांच्या नावावर चढली की बुडव्यांनी आपली माणसं न्यावीत हवी तिथं.

"ह्यात खोटं काय?" मास्तर म्हणाले. "तेव्हा गावात मंडळी एकच होती, आणि ती आपलीच."

खोटं खरंच नव्हतं. म्हणूनच तर बब्रुवानला ते गिळता येईना. बुडव्यांतल्या सिताबाईचा नवरा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. त्याची लेक त्याच पट्टीत पुरलेली होती. पटकीच्या साथीत ती गेली तेव्हा तो सोलापूरला गिरणीत होता, त्याला पोरीचं तोंडसुद्धा दिसलं नव्हतं. आता तो एकच मागत होता, मला तिच्याशेजारी ठेवा. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, मास्तरांनाही.

बब्रुवानच्या घरी जेवणाआधी मोठ्यानं प्रार्थना व्हायची, आणि उद्या जे काम करायचं ते त्यात देवाला सांगायची रीत होती. नांगरट असो, सोयरीक असो. जबानीच्या आदल्या सांजेला त्यानं ज्वारीचं सांगितलं, शेळीचं सांगितलं आणि आमेन म्हणून टाकलं.

"जबानीचं राह्यलं," त्याची बायको कस्तुराबाई म्हणाली.

"भाकर वाढ."

तिनं भाकरी वाढली आणि हात मागं घेत म्हणाली, "देवाला सांगता येत न्हाय, ते सायबाला कसं सांगनार तुमी?"

बब्रुवान तिच्यावर खेकसला. खरं तर तो स्वतःवरच चिडला होता.

सकाळी चावडीपुढं दोन्ही मंडळ्या जमल्या, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून. सिताबाई समोर जमिनीवर बसली होती. मोजणीला आलेल्या गिरदावरसाहेबांनी विचारलं, "बोलो बाबा, जमीन किसको दी?"

"शिवप्पानं जमीन आमच्या मंडळीला दिली," बब्रुवान म्हणाला.

कारकुनानं लिहून घेतलं. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. कारकून म्हणाला, "अंगठा लावा." बब्रुवाननं अंगठा शाईत बुडवला, कागदापर्यंत नेला आणि तिथंच थांबला. सगळे बघत होते, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सायेब, म्या अर्धंच बोललो."

"तो पूरा बोलो."

"सिताबाईची पोर गेली तवा आमाला कुठंच जागा न्हवती. म्या मढं खांद्यावर घेऊन शिवप्पाच्या बांधावर हुबा राह्यलो. शिवप्पा म्हनले, आमीबी आमच्या मानसाला मातीच देतो, ही पोर काय उघड्यावर ठेवायची व्हय? म्हनले, ही भुई ह्या पोरीची. तिच्यामागं येशूचं मानूस म्हनून जो येईल, त्याची. मंडळीचं नाव त्यांनी घेतलंच न्हाय. ते म्या घुसडलं."

"हौदु," शरणबसप्पा मान हलवत कानडीत हो म्हणाला. "अप्पाचंच बोलनं हे."

गिरदावरांनी जुना कागद फाडला. नव्यावर 'तमाम ईसाई' असं लिहिलं आणि बब्रुवाननं अंगठा उठवला. मास्तर पांढरेफटक पडले. त्या रविवारी बब्रुवानचं पंचपद काढून घेतलं आणि त्याला मागच्या रांगेत बसवलं. त्याला वाईट वाटलं, आणि वाटणारच. वीस वर्षं तो पुढं बसला होता.

महिन्याभरानं सिताबाईचा नवरा गेला. बब्रुवान कुदळ घेऊन पट्टीवर गेला. बुडव्यांचे चार गडी आधीच खणत होते. ते थबकले, पण कुणी त्याला जा म्हणालं नाही. थोड्या वेळानं कस्तुराबाई डोक्यावर घागर घेऊन आली, तिच्यामागं शिंपड्यांच्या आणखी तीन बाया. पुरुष आले नाहीत. त्यांना यायला अजून दोन वर्षं लागली.

लेकीच्या उजव्या अंगाला खड्डा पुरा झाला तशी सिताबाई जवळ आली. बब्रुवान घाम पुसत, तिच्याकडं न बघता म्हणाला, "वैनी, त्या दिवशी आधी म्या तुमचा गळाच कापायला निघालो हुतो."

"ठावं हाय," सिताबाई म्हणाली. "म्या समोरच बसली हुती."

"मग?"

"मग काय? तुमी पुढचंबी बोलला, तेबी ऐकलं म्या." तिनं पदर खोचला. "माझ्या पोरीला तुमी खांद्यावर आनली. आता तिच्या बापालाबी तुमीच खांदा द्या."