हेरूळचं कासव

"सर, लिस्बनला लिस्बन का म्हणतात?"

माझ्या मैत्रिणींनी, शबानानं आणि जिक्रानं, मला चिथवलं होतं, हिंमत हाय का म्हणून. भूगोलाचे सर भूकंप शिकवत होते आणि तास काही संपत नव्हता. हल्ली मला उठून बोलायची भीतीच वाटत नाही. विचारलं. सर लई खूश झाले. म्हणाले, पोर्तुगालचं हे शहर अडीचशे वर्षांपूर्वी भूकंपात पडलं, पण नाव त्याहून फार जुनं. कुणी म्हणतं, खलाशांनी सुरक्षित बंदर म्हणून ठेवलं. कुणी म्हणतं, एका भटक्या ग्रीक राजावरून पडलं. कुणी म्हणतं, नदीचंच जुनं नाव. खरं कुणालाच माहीत नाही.

घरी आले ती हेच डोक्यात घेऊन. आईशी माझा अबोला चालू होता. दहावीनंतर मला लातूरला क्लास लावायचाय. दादा, म्हणजे माझे वडील, तयार आहेत. पण वसतिगृह तिसऱ्या मजल्यावर, आणि आई स्लॅबखाली झोपू देत नाही. आमच्या गावातल्या भूकंपानंतर मिळालेल्या सरकारी घरात आम्ही नुसता स्वयंपाक करतो; झोपायला अजून अंगणात, पत्र्याखाली.

दादांना विचारलं, आपल्या गावाला हेरूळ का म्हणतात? ते म्हणाले, कानडी असेल काहीतरी, गावच्या जुन्या गोष्टी सांगणारे म्हातारे अण्णाराव तर भूकंपातच गेले.

आई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"शरणीला ठावं होतं," ती म्हणाली.

शरणी माझी बहीण. मी व्हायच्या आधीच ती गेली. आई तिचं नाव कधी काढत नाही.

त्या दिवशी काढलं. गावच्या विहिरीत हेरूळ नावाचं कासव आहे आणि त्यानं अख्खं गाव पाठीवर घेतलंय, ही गोष्ट आईनंच रचून शरणीला सांगितली होती. भूकंपाच्या आधी वर्षभर लहान लहान हादरे बसायचे. शरणी घाबरायची, बाहेर झोपू म्हणायची. गणपती बुडवून सगळे घरी आले त्या रात्रीही, भूकंपाच्या रात्री, म्हणाली.

"मी म्हटलं, कासवानं कूस बदलली बाई, झोप आत." आई सुपाकडेच बघत होती. "माझं ऐकून झोपली."

दादा उठून दारात जाऊन उभे राहिले. मी उगाच तिच्या हातातलं सूप काढून घेतलं.

मग मी म्हणाले, "आई, दादा, मी लातूरला जाणार. तिसऱ्या मजल्यावर, आत झोपणार. आई, तू जा म्हणू नको, झोप म्हणू नको. हे मी ठरवलंय. काही झालं तर ते तुझ्यावर न्हाई."